उसळलेला चेंडू कोणाचा?

१/
पुण्याच्या शनिवार पेठेत शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळ्यांच्या रांगा आहेत आणि त्या साधारण हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर येतात. दार फोडायला येणारा हत्ती माणसाहून कितीतरी उंच आणि जड. त्याला बळाने अडवणे अशक्यच. दार घडवणाऱ्याने म्हणून एकच विचार केला: हत्ती डोके कुठे टेकवील? प्रतिपक्ष कुठे येणार हे ओळखून तिथे आधीच हजर राहण्याची ही युक्ती युद्धात जितकी जुनी, तितकीच खेळातही. हा धागा तिच्याविषयी आहे.

२/
याच वाड्याशी जोडलेली दुसरी कथा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली, म्हणजे १७९६ ते १८१८ मधली. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन धिप्पाड पैलवान पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबाराला आव्हान दिले. पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे त्यांना मल्लखांबाची विद्या सुचली, असे परंपरा सांगते. परत आल्यावर त्यांनी गुलाबला चीत केले आणि ते पाहून अलीने लढतीतून माघार घेतली.

३/
कथेतला दैवी भाग श्रद्धेवर सोडू. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही आढळतो, त्यामुळे बाळंभटदादांना या विद्येचे जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक म्हणणे अधिक योग्य. मात्र कथा टिकली ती तिच्यातल्या प्रश्नामुळे. देहाने मोठा असलेला जिंकतोच का? नसेल, तर लहान्याकडे असे काय असते? आधुनिक खेळांत हा प्रश्न जितक्या स्पष्टपणे बास्केटबॉलच्या रिबाउंडमध्ये पुढे येतो, तितका क्वचितच इतरत्र.

४/
रिबाउंड म्हणजे हुकलेला, रिंगवरून किंवा बोर्डवरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे. रिंग जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. संघातला सर्वांत उंच खेळाडू बहुधा सेंटर असतो आणि रिंगखालचा हा मुलूख त्याच्या जहागिरीत मोडतो. तरीही सारख्याच उंचीच्या दोन सेंटरपैकी एक दर सामन्यात पंधरा चेंडू काढतो आणि दुसरा सहावर अडतो. या फरकाचे कारण समजून घ्यायचे, तर आधी रिबाउंडचा जन्म पाहावा लागतो.

५/
डिसेंबर १८९१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ हे मूळचे कॅनडाचे शिक्षक होते. हिवाळ्यात बंद दालनात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा योगायोगाने १० फुटांवर होता आणि तीच उंची आजवर कायम राहिली. अठरा विद्यार्थी, प्रत्येक बाजूला नऊ, फुटबॉलचा चेंडू आणि तेरा नियम. टोपलीला बूड असल्याने पडलेला चेंडू शिडी लावून काढावा लागे. पहिल्या सामन्यात एकच गोल झाला.

६/
त्या पहिल्या खेळात बोर्ड नव्हता. तो आला प्रेक्षकांमुळे. सज्जात बसलेले हौशी लोक हात घालून चेंडू अडवत किंवा आपल्या संघाच्या बाजूने ढकलत. त्यांना रोखण्यासाठी टोपलीमागे आधी तारेची जाळी आणि मग लाकडी फळा बसवण्यात आला. हेतू पहाऱ्याचा होता, पण परिणाम वेगळाच झाला. पूर्वी हुकलेला चेंडू भलतीकडे जाई. आता तो फळ्यावर आदळून मैदानात परतू लागला. ज्या उसळीवर पुढे कित्येकांची कारकीर्द उभी राहिली, ती प्रेक्षकांच्या खोडसाळपणावर केलेल्या उपायातून जन्मली.

७/
‘सेंटर’ हे नावही आज जिथे तो उभा असतो तिथून आलेले नाही. सुरुवातीच्या काळात प्रत्येक गोलनंतर चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर आणून दोन खेळाडूंमध्ये वर उडवला जाई. ती उडी मारणारा तो सेंटर. १९३७ मध्ये ही पद्धत रद्द झाली आणि गोल झाला की लगेच खेळ पुढे चालू राहू लागला. उंच माणसाचे मध्यावरचे काम संपले आणि त्याचे ठाणे रिंगखाली हलले. मध्यरेषेवरचा उडीबहाद्दर अशा रीतीने हुकलेल्या चेंडूंचा राखणदार बनला.

८/
त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला होता. उंचीची भीती तेव्हाच इतकी वाढली होती की १९० सेंटिमीटरहून उंच खेळाडूंना मज्जाव करण्याचा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे आणला. अमेरिकेच्या आक्षेपानंतर तो मागे घेतला गेला. अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. उंची हा या खेळातला एकमेव निर्णायक घटक नाही, याचा पुरावा निसर्गानेच त्या दिवशी दिला.

९/
त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. सेंटरच्या उंचीला बिचकलेला तो नवा खेळ आणि बाळंभटदादांच्या परंपरेतली शरीरविद्या एकाच वर्षी, एकाच नगरीत जगासमोर आली. दोन्हींचा परस्परांशी संबंध आला नाही. पण शरीराकडून काय मागायचे, याची दोन वेगळी उत्तरे तिथे शेजारी उभी होती. एका ठिकाणी उंचीची धास्ती होती, दुसऱ्या ठिकाणी तोल, पकड आणि चपळाईची साधना.

१०/
नियम बदलले की खेळाडूचे गुण बदलतात. शनिवार पेठेतून नदी ओलांडली की येणाऱ्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले, तेव्हा गावोगावच्या रीतींची जागा एका शिस्तीने घेतली. बास्केटबॉलमध्ये उंच खेळाडूंना वेसण घालण्यासाठी असेच बदल झाले. १९४४ मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळात रिंगकडे उतरत असलेला चेंडू अडवण्यास बंदी आली. जॉर्ज मायकन (६ फूट १० इंच) यांच्या वर्चस्वामुळे एनबीएने १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला. आक्रमण करणाऱ्या खेळाडूला या पट्ट्यात ठरावीक सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही.

११/
या पट्ट्याचे रुंदावणे रिबाउंडच्या दृष्टीने मोठी घटना होती. पूर्वी उंच माणूस रिंगखाली तळ ठोकून बसू शकत होता. आता त्याला बाहेरून आत यावे लागू लागले. म्हणजे वेळ साधणे, वाट शोधणे आणि जागा मिळवणे ही स्वतंत्र कौशल्ये झाली. विल्ट चेंबरलेन यांच्यामुळे १९६४ मध्ये पट्टा आणखी वाढून १६ फुटांचा झाला. नियम करणाऱ्यांनी उंची कापता येत नाही म्हणून तिच्यापुढचे अंतर वाढवले.

१२/
चेंबरलेन यांची उंची ७ फूट १ इंच. त्यांचे प्रतिस्पर्धी बॉस्टन सेल्टिक्सचे बिल रसेल ६ फूट १० इंचांचे. २४ नोव्हेंबर १९६० रोजी फिलाडेल्फियात रसेल समोर असताना चेंबरलेन यांनी एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. हा विक्रम अद्याप मोडलेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत रसेल यांनी ५१ घेतले होते. कारकिर्दीत चेंबरलेन यांचे २३,९२४ आणि रसेल यांचे २१,६२० रिबाउंड नोंदले गेले. आज एखाद्याने एका सामन्यात पंचवीस घेतले तरी बातमी होते. मग ती पिढी आजच्या दुप्पट समर्थ होती काय?

१३/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. बखरींमधले सैन्याचे आकडे वाचताना जो सावधपणा बाळगायचा, तोच इथे हवा. बखरकार लाखांच्या फौजा लिहून जातो. संशोधक मग दाणावैरण, मुक्कामाची जागा, खर्चाचे कागद तपासतो आणि तो आकडा पेलणारी परिस्थिती होती का, हे पाहतो. पुण्यातच पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून रियासतकार सरदेसाईंनी ४५ खंडांत निवडक कागद प्रसिद्ध केले, त्यामागे हीच दृष्टी होती. आकडा खोटा नसला तरी तो कोणत्या परिस्थितीत उभा राहिला, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

१४/
चेंबरलेन यांच्या आकड्यामागची परिस्थिती अशी. १९६०-६१ च्या हंगामात एकेक संघ सामन्यागणिक शंभराहून अधिक वेळा रिंगकडे चेंडू फेकत असे आणि त्यातले चाळीस-बेचाळीस टक्केच आत जात. म्हणजे हुकलेल्या चेंडूंचा पाऊसच. प्रत्येक संघाच्या नावे सामन्याला सत्तरीपुढे रिबाउंड लागत. १९९१-९२ च्या हंगामात फेकी सत्त्याऐंशीच्या आसपास आल्या होत्या, यशाचे प्रमाण सुमारे ४७ टक्के झाले होते आणि प्रत्येक संघाचे रिबाउंड चव्वेचाळीसच्या घरात होते. पीकच निम्म्याच्या जवळ आले, तर रास लहान दिसणारच.

१५/
म्हणून मोजायचा तो वाटा. १९६०-६१ मध्ये चेंबरलेन यांची सरासरी २७.२ होती आणि ते जवळजवळ पूर्ण ४८ मिनिटे खेळत. दोन्ही संघांचे मिळून सामन्यात सुमारे १४६ रिबाउंड, म्हणजे त्यांचा वाटा साधारण एक-पंचमांश. (जुन्या बेरजेत कोणा एकाच्या नावे न लागलेले चेंडूही असल्याने हा हिशेब ढोबळ आहे.) १९९१-९२ मध्ये डेनिस रॉडमन यांची सरासरी १८.७ होती, तीही सुमारे ४० मिनिटांत. सामन्यातले एकूण रिबाउंड सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. ते मैदानात असताना सुटलेल्या दर चार चेंडूंपैकी एकाहून थोडे अधिक त्यांच्या हाती गेले.

१६/
आणि रॉडमन होते ६ फूट ७ इंचांचे. चेंबरलेन यांच्याहून सहा इंचांनी कमी. ते नावाने सेंटर नव्हते, फॉरवर्ड होते. पण प्रतिस्पर्धी सेंटरना अडवण्याचे काम वारंवार त्यांच्याकडे येई. १९९१-९२ ते १९९७-९८ अशी सलग सात वर्षे एनबीएत रिबाउंडच्या सरासरीत ते पहिले आले. याचा अर्थ उंची निरुपयोगी, असा नव्हे. सहा फुटांचा माणूस हे करू शकला नसता. मात्र एका मर्यादेपुढे उंचीचा एकेक इंच जेवढे देतो, त्याहून जास्त देणाऱ्या गोष्टी आहेत, एवढे यातून निर्विवाद दिसते.

१७/
त्यातली पहिली गोष्ट जागा. वेस अनसेल्ड यांचे उदाहरण पाहावे. हेही ६ फूट ७ इंचांचेच, पण पूर्णवेळ सेंटर. वजन सुमारे १११ किलो. १९६८-६९ मध्ये बाल्टिमोरच्या संघात आले आणि पहिल्याच वर्षी सामन्याला १८.२ रिबाउंड घेऊन सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान त्यांनी मिळवले. त्यांच्याआधी हे केवळ चेंबरलेन यांना जमले होते. अनसेल्ड फार उंच उडत नसत. चेंडू सुटताच ते प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेत, पाय रुंद रोवत, कंबर खाली नेत आणि त्याला रिंगपासून दूर रेटत.

१८/
यालाच बॉक्स आउट म्हणतात. तालमीत घाम गाळलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही. कुस्तीत खडाखडी सुरू असताना जो पैलवान कंबर खाली ठेवतो, त्याचा पाया हलवणे कठीण जाते. ताठ उभा राहिलेला धिप्पाड गडी एका पटात उचलला जातो. रिबाउंडमध्ये हात लावून ढकलणे हा फाउल, म्हणून सारी झुंज नितंब, मांड्या आणि पाठ यांनी होते. मागे अडकलेला उंच खेळाडू चेंडूकडे पोहोचण्यासाठी पुढे झुकला की तोल गमावतो, आणि अंगावर आला की फाउल ओढवून घेतो. उंचीचा लाभ अशा रीतीने जमिनीवरच वसूल होतो.

१९/
दुसरी गोष्ट अंदाज. हुकलेला चेंडू कुठेही जात नाही. त्याला रीत असते. बाजूने केलेली फेक हुकली तर चेंडू बहुधा पलीकडच्या बाजूला उतरतो. लांबून केलेली फेक रिंगपासून लांब उसळते, जवळून केलेली जवळच पडते. सपाट मार्गाने आलेला चेंडू जोरात परततो, उंच कमानीतून आलेला मऊ पडतो. चेंडूची गिरकी, रिंगचा सैलपणा, फेकणाऱ्याच्या सवयी यांनी त्यात बारकावे येतात. जो खेळाडू फेक हातातून सुटतानाच हे वाचतो, तो बाकीच्यांहून अर्धा सेकंद आधी निघतो. अर्ध्या सेकंदात दोन पावले पडतात.

२०/
रॉडमन यांचा अभ्यास इथला. डेट्रॉइटच्या संघात असताना सराव चालू झाला की ते बाजूला उभे राहून सहकाऱ्यांच्या फेकी न्याहाळत आणि प्रत्येकाचा चेंडू हवेत किती गिरक्या घेतो ते मोजत, अशी आठवण त्यांचे सहकारी आयझेया थॉमस यांनी सांगितली आहे. या माणसाने शाळा संपल्यावर डॅलसच्या विमानतळावर झाडलोटीचे काम केले होते. उंचीही त्याच काळात उशिराने वाढली. गुण मिळवण्यात त्यांना फारसा रस नव्हता. इतरांच्या अपयशाचे व्याकरण त्यांनी पाठ केले आणि त्यावरच कारकीर्द उभी केली.

२१/
तिसरी गोष्ट चिकाटी. तिचे नाव मोझेस मलोन. हुकलेल्या चेंडूंपैकी साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश बचाव करणाऱ्या संघाला मिळतात, कारण तो आधीच रिंगच्या बाजूला उभा असतो. आक्रमण करणाऱ्याला त्या भिंतीला वळसा घालावा लागतो. १९७८-७९ मध्ये ह्यूस्टनकडून खेळताना मलोन यांनी असे ५८७ आक्रमक रिबाउंड घेतले, सामन्याला सातांहून अधिक. एका हंगामातला हा विक्रम आजही त्यांच्याच नावे आहे. ते अंतिम रेषेच्या कडेने, जवळजवळ बोर्डामागून शिरत आणि कमरेने रेटत प्रतिस्पर्ध्याला रिंगखालून बाहेर काढत. एकदा नाही साधले तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

२२/
‘दुसऱ्यांदा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा उंच उडणे पुष्कळांना जमते. खाली येताच पुन्हा तेवढेच उडणे थोड्यांना. चेंडू दोनचार हातांना लागून वरच तरंगत राहतो, तेव्हा पहिल्या उडीचा राजा अजून गुडघे वाकवत असतो आणि चपळ खेळाडू दुसऱ्यांदा हवेत गेलेला असतो. रसेल महाविद्यालयात उंच उडीचे उत्तम खेळाडू होते आणि नेमक्या क्षणी उडणे हे त्यांचे बळ होते. शिवाय चेंडू पकडून तो तत्काळ पुढच्या सहकाऱ्याकडे धाडायची कला त्यांच्यापाशी आणि अनसेल्ड यांच्यापाशीही होती. रसेल यांच्या तेरा हंगामांत सेल्टिक्सने अकरा अजिंक्यपदे जिंकली.

२३/
इथवरचे सारे आकड्यांत दिसते. पण काही सेंटर आकड्यांच्या पलीकडे मोठे असतात. ब्रुक आणि रॉबिन लोपेझ हे सुमारे सात फुटी जुळे भाऊ स्वतःच्या नावे बेताचेच रिबाउंड घेत. मात्र ते प्रतिस्पर्धी संघाच्या सर्वांत बलवान गड्याला इतके घट्ट अडवून ठेवत की चेंडू मोकळ्या सहकाऱ्याला अलगद मिळे. विश्लेषकांनी हे वारंवार दाखवून दिले आहे. २०१३-१४ पासून एनबीएच्या सर्व मैदानांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे आले आणि कोणता चेंडू झुंजून मिळवला, कोणता आयता आला, हे वेगळे मोजता येऊ लागले. लढाईचे श्रेय किल्ल्यावर निशाण लावणाऱ्याला मिळते. खिंड अडवणारा नोंदीत येतोच असे नाही.

२४/
भारतात हा खेळ फार लवकर आला. नायस्मिथ यांच्या पहिल्या सामन्यातले एक खेळाडू डंकन पॅटन यांनी १८९४ मध्ये तो कलकत्त्यात आणला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला सुरू केलेल्या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण संस्थेतून शिकलेले शिक्षक तो देशभर घेऊन गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्याची कहाणी विशेष आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये तिथे नेबरहुड हाउस उभारले. त्या दाट, गरीब वस्तीतून भारताचे कित्येक खेळाडू निघाले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर त्यांपैकी एक.

२५/
या इतिहासात आजच्या मुलांसाठी एक खरा प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडे निवडीच्या वेळी पहिली नजर उंचीवर जाते. सात फूट दोन इंचांचे सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने निवडले, तेव्हा एनबीएच्या निवडीत नाव आलेले ते पहिले भारतीय ठरले आणि देशाला अभिमान वाटला. पण त्यांना एनबीएच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळायला मिळाला नाही. उंचीने दार उघडते. आत टिकायला बाकीची विद्या लागते. पेठेतल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर इतरांपेक्षा चार बोटे बुटकी मुलगी चेंडूची दिशा ओळखून आधीच तिथे पोहोचत असेल, तर तिला केवळ मापाच्या पट्टीवर बाजूला सारणे हे तिच्यावर अन्यायाचे आणि संघाच्या तोट्याचे ठरते.

२६/
तेव्हा एक सेंटर दुसऱ्यापेक्षा सरस का, याचे उत्तर क्रमाने मांडता येते. उंची आणि हातांचा पल्ला ही प्रवेशाची अट. त्यानंतर जागा: प्रतिस्पर्धी आणि रिंग यांच्यामध्ये आपले शरीर. त्यानंतर अंदाज: चेंडू कुठे उतरणार याचे वाचन. मग दुसरी उडी, बोटांची पकड, आणि चाळिसाव्या मिनिटालाही न सरणारा दम. या सर्वांच्या मुळाशी एक वृत्ती असते. प्रत्येक फेक हुकणारच, असे धरून चालणारा खेळाडू प्रत्येक वेळी निघतो. ती आत जाईल म्हणून पाहत राहणारा उशिरा निघतो.

२७/
१८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे आतले महाल जळून गेले. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला आणि त्यावरचे खिळेही राहिले. ज्या हत्तीसाठी ते ठोकले होते, तो येणार कुठून आणि कपाळ कुठे टेकवणार, याचा विचार कोणी अनाम कारागिराने आधीच करून ठेवला होता. रिबाउंड घेणाऱ्याचे कामही तेवढेच आणि तसेच: चेंडू रिंगवर आदळण्यापूर्वी, तो जिथे उतरणार आहे तिथे जाऊन उभे राहणे.

(समाप्त)